म्हसपाठ चढायची तयारी

मंगळवारी आमच्या गल्लीत तुरीच्या शेंगांचा ठेला आला आणि मी कपाटातून वही काढली. नागपुरात थंडी आली हे कळायला वर्तमानपत्र लागत नाही. संत्री आधीपासून असतातच, पण हिरव्या तुरीच्या शेंगा दिसल्या की समजायचं, आता रजया उन्हात घाला. त्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायला ठेवल्या आणि घरभर वास सुटला, की मला कुठंतरी चढून जावंसं वाटतं. ही काही जुनी हौस नाही, तीन हिवाळ्यांपूर्वीची आहे. त्याआधी आयुष्यात मी जिने सोडून काहीही चढले नव्हते.

वहीच्या कोऱ्या पानावर मी लिहिलं, 'म्हसपाठ. एका दिवसात जाऊन येणे.' खाली यादी केली. पाण्याच्या दोन बाटल्या. सुती टोपी. गूळ-शेंगदाणे. काठी. सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि पुण्याहून बदलून आलेल्या माझ्या शेजारणीला अजून ते पटलेलं नाही. मग एसटीची वेळ, उजाडण्याची वेळ, मावळण्याची वेळ, परतीची एसटी. सगळ्यात खाली, जरा बारीक अक्षरात, 'कौसाबाईंना फोन.'

आज पंधरा दिवस झाले. बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या आहेत. इतवारीच्या बाजारात जाऊन दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा आणला, तोही तिथल्या गर्दीत हातगाड्यांचे धक्के खात, कारण घरातले सहा डबे मला एकाएकी गैरसोयीचे वाटायला लागले. काठीला खालून रबर बसवून घेतलं. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढं बरोबरची खूण झाली, शेवटची ओळ तेवढी तशीच आहे. ती ओळ मागं राहावी म्हणून मी बाकीची यादी वाढवत नेली, हे मला कळतं. भूगोल शिकवणाऱ्या बाईला दिशा तर कळतातच.

आमचे हे सोप्यावर बसून हा कारभार बघतात. काल म्हणाले, "तू पहाडीवर जाऊन राहिली का चंद्रावर?" मी म्हटलं, तयारी नीट नको का. तर म्हणे, "तयारी झाली. आता फोन कर." नवऱ्यांना कधी कधी नको तेवढं कळतं. मी उठून आत गेले आणि उगाच शेंगा सोलत बसले.

खरं ते लिहून टाकते. कौसाबाईंशिवाय मला म्हसपाठावर जायचं नाही. वाट त्यांना माहीत आहे म्हणून नव्हे, वाट काय, गावात कोणीही दाखवील. तीन वर्षांपूर्वी त्याच पहाडीवर मी त्यांना एक वाक्य बोलले आणि त्याची माफी मी अजून मागितलेली नाही. ती मागितल्याशिवाय त्यांना 'चला' म्हणण्याचं माझं तोंड नाही, आणि मागितल्यावर त्या येतील का, हे मला ठाऊक नाही. म्हणून डबा, म्हणून काठी, म्हणून काठीचं रबर.

कौसाबाई आमच्या शाळेत शिपाई होत्या, तासांची घंटा त्याच वाजवायच्या. मी नोकरीला लागले तेव्हा त्या तिथं होत्याच, आणि आम्ही निवृत्तही एकाच महिन्यात झालो. शिक्षकांना अठ्ठावन्न, शिपायांना साठ, म्हणजे त्या माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. उंच, सडपातळ, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, चालताना पावलांचा आवाज नाही. अठ्ठावीस वर्षं त्यांनी मला चहा आणून दिला आणि अठ्ठावीस वर्षं मी 'थँक्यू कौसाबाई' म्हटलं. आपण फार चांगलं वागतो, असं मला त्या थँक्यूमुळं वाटत असे.

निवृत्तीच्या आधी आम्ही दोघी नकाशांचं कपाट आवरत होतो. उन्ह खिडकीतून आत आलेलं, धूळ उडते आहे, आणि मी एकेक गुंडाळी सोडवून बघते आहे. त्यात आमच्या भागाचा जुना स्थलनिर्देशक नकाशा निघाला. माझा सगळ्यात लाडका. त्याच्या वरच्या अंगाला समोच्चरेषांची छोटी वळी आहेत, एकात एक, आणि मधोमध एक त्रिकोण आणि एक आकडा. दर वर्षी सहामाही परीक्षेत मी तोच प्रश्न घालत असे. नकाशातील सर्वात उंच ठिकाण कोणते, त्याच्या कोणत्या बाजूचा उतार मंद आहे. मुलं लिहायची, पश्चिम बाजूचा, कारण तिथं रेषा एकमेकींपासून दूर आहेत. पूर्ण गुण. नाव विचारलं तर मी सांगायची, ह्या शिखराला नाव नाही.

कौसाबाईंनी हात पदराला पुसले आणि विचारलं, "याच्यात आमचं गाव असन का मॅडम?" माहेरच्या गावाचं नाव त्यांनी सांगितलं. मी बोट फिरवत फिरवत गेले आणि ते त्या वळ्यांच्या अगदी पायथ्याशी सापडलं. त्या वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्या त्रिकोणावर नख ठेवून म्हणाल्या, "मंग हे म्हसपाठ आहे."

गावाकडून पाहिलं तर ही पहाडी बसलेल्या म्हशीसारखी दिसते म्हणे. लहानपणी बकऱ्या घेऊन त्या रोज वर जात. वर एक सपाट खडक आहे, त्याच्यावर दुपारी आडवं व्हायचं, वारा खालून येतो. मी म्हटलं, "अहो, इतकी वर्षं मी पोरांना सांगते आहे की याला नाव नाही, आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?" त्या हसल्या. "तुमचा तास चालू राहे न मॅडम." आणि नकाशा पुन्हा गुंडाळायला घेतला.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला माझे गुडघे संपलेले होते. दोन्ही बदलायचे, तारीख ठरलेली, संक्रांतीनंतरची. डॉक्टर चांगले होते, सगळं समजावून सांगितलं, पण मला एकच सुचत होतं, की ज्या डोंगराच्या जिवावर मी एवढी वर्षं मुलांचे गुण कापले, त्यावर एकदा स्वतःच्या गुडघ्यांनी जाऊन यावं. देवानं दिलेले आहेत तोवर. कौसाबाईंना सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "चाला न. मी येतो." आमच्याकडं बाया असंच म्हणतात, मी येतो, मी जातो, मी करतो. त्यात मला नेहमी एक ऐट वाटते.

मग मी प्लॅन केला. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशाची झेरॉक्स पसरली, पट्टी घेतली, दोरा घेतला. दोऱ्यानं वाट मोजली. पश्चिमेकडून बैलगाडीचा रस्ता दाखवला होता, तुटक रेषांचा, तो थेट मंद उतारावर जात होता. तिथून वर. दर अर्ध्या तासाला दहा मिनिटं विश्रांती. माझ्या गुडघ्यांना यापेक्षा सोयीचं काही असूच शकत नव्हतं. मी लाल पेन्सिलीनं रेघ ओढली आणि कौसाबाईंपुढं कागद फिरवला. समजावून सांगितलं, अगदी नववीच्या वर्गाला सांगावं तसं. रेषा दूर म्हणजे उतार कमी. त्या चहा पीत ऐकत होत्या. मधे एकदा हळूच म्हणाल्या, "तिकडे पाणी असते मॅडम." मी म्हटलं, "नकाशात नाही." त्यांनी कप खाली ठेवला आणि मान हलवली. तेवढंच. मी पुढं विश्रांतीच्या वेळा वाचून दाखवल्या.

ती सकाळ मला अजून नाकात जाणवते. एसटीच्या खिडकीची थंड काच, स्वेटरला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास, बाहेर सगळं पांढरं. खापरखेड्याच्या चिमण्या धुक्यातून अर्ध्याच दिसत होत्या, वरचा अर्धा भाग, आणि त्यांचा धूर सरळ उभा. कौसाबाई त्यांच्या लेकाविषयी सांगत होत्या. बुटीबोरीला सूतगिरणीत आहे, पाळी बदलते, झोप होत नाही, सुनेचं आणि त्याचं तोंड आठवड्यातून दोनदा दिसतं. मी ऐकत होते, खरं म्हणजे ऐकत नव्हते, मांडीवरच्या कागदाकडं बघत होते. कपाशीच्या पऱ्हाट्या, मधेच तुरीचा हिरवा पट्टा, एखाद्या बांधावर बोरीचं झाड लाल झालेलं. उजेड आला तसं दव वाफ होऊन उठायला लागलं. मला इतकं बरं वाटत होतं, की गुडघे दुखायचं विसरले होते.

गावात त्यांची भावजय दारातच सडा टाकत होती. "काहून वं कौसे, इतक्या सकाळी?" तिनं विचारलं, आणि माझ्या बुटांकडं, टोपीकडं, काठीकडं बघत राहिली. पहाडीवर जायचं म्हटल्यावर तिला हसू आवरेना. "कोणत्या बाजूनं?" कौसाबाई म्हणाल्या, "मॅडमनं पाह्यलं आहे सगळं." भावजयीनं एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि बादली उचलून आत गेली.

मी पुढं, कौसाबाई मागं. बैलगाडीचा रस्ता होता, खरंच होता. पाऊण तास छान चाललो. मग तो रस्ता सरळ पाण्यात शिरला.

तळं होतं. चांगलं मोठं, पाळ बांधलेलं, मधे बगळे उभे, पलीकडं पहाडी आणि पहाडीची पाण्यातली सावली. नकाशा छापल्यानंतर केव्हातरी सिंचनासाठी बांधलेलं. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, वा, काय सुंदर. मी कागद उलटासुलटा करून पाहिला. माझा मंद उतार पाण्याखाली होता. आता मागं फिरावं, हे माझ्या मनात आलंच नाही. तळ्याला वळसा घालून पुढं तो उतार कुठंतरी लागेलच, असं मी म्हणाले आणि निघाले.

तळ्याच्या काठानं चिल्हाटीचं रान माजलं होतं, वाकड्या काट्यांचं, एक काटा सोडवावा तर दुसरा धरतो. ओढणी फाटली, बाही फाटली. खाली सुटे दगड. दीड तास आम्ही त्यातून काढला आणि जेमतेम पहाडीच्या पोटाला लागलो. उजवा गुडघा बुटातल्या नाडीपर्यंत ठणकत होता. एका दगडावर मी बसले आणि मला कळलं, की आज काही मी वर जाऊ शकत नाही. आज नाही म्हणजे कधीच नाही, कारण तारीख ठरलेली होती. कौसाबाईंनी माझ्या बाहीतला काटा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, "त्या आंगानं, विहिरीपासून, चांगली वाट आहे मॅडम. आमच्या बाया मोहफुलं वेचाले जाते. लहान लेकरंबी जाते."

त्या क्षणी मला काय झालं ते मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. दुःख झालं होतं, लाज वाटली होती, गुडघा ठणकत होता. यातलं काहीही बोलता आलं असतं. मी म्हणाले, "मग आधी सांगता येत नव्हतं का? म्हणूनच तुम्ही जन्मभर घंटा वाजवत राहिलात."

त्यांनी काटा बोटात धरलेला होता. तो त्यांनी खाली टाकला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, निदान मला दिसलं नाही. तळ्यावरचे बगळे उडाले आणि पलीकडं जाऊन बसले. मग त्या उठल्या, माझा कोपर धरला आणि परतीची वाट धरली. काट्यांतून, दगडांतून, पाळीवरून, पूर्ण रस्ता त्यांनी माझा कोपर सोडला नाही. बोलल्या तेवढं एकच, पुन्हा पुन्हा, "इथं पाय ठेवा. आता इथं." भावजयीकडं आम्ही ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत जेवलो. माझ्या सांबारवड्या डब्यात तशाच परत आल्या.

ऑपरेशननंतर त्या मला दवाखान्यात भेटायला आल्या, पदरात बोरं बांधून. बोरांविषयी बोललो, फिजिओथेरपीविषयी बोललो, शाळेला नवीन रंग दिला म्हणतात त्याविषयी बोललो. त्या गेल्यावर मी छताकडं बघत पडले होते आणि मला एकाएकी स्वयंपाकघरातलं ते टेबल आठवलं. 'तिकडे पाणी असते मॅडम.' त्यांनी सांगितलं होतं. मी 'नकाशात नाही' म्हटलं होतं. पहाडीवर त्या मला हे ऐकवू शकल्या असत्या, एका वाक्यात मला गप्प करू शकल्या असत्या. त्यांनी माझा कोपर धरला. मी उशीत तोंड घालून रडले. नर्सला वाटलं गुडघा दुखतो आहे, तिनं गोळी आणून दिली.

त्यानंतर दर संक्रांतीला फोन येतो तो त्यांचाच. तिळगूळ घ्या, गोड बोला, असं त्या म्हणतात. सगळेच म्हणतात, त्यांच्या मनात काही नसतं, पण मला ते ऐकवत नाही. मी 'तुम्हालाही' म्हणते आणि तब्येत विचारते. माणसाला वाटतं, वेळ गेला की बोललेलं पुसट होतं. माझा अनुभव उलटा आहे. तीन वर्षांत त्या पहाडीवरचं बाकी सगळं पुसट झालं, ते वाक्य तेवढं ठळक राहिलं.

गुडघे मात्र झकास झाले. सुरुवातीला घरातल्या घरात, मग कॉलनीला फेरी, मग अंबाझरीच्या पाळीवर सकाळी तासभर. या दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, लहानशी टेकडी चढायला हरकत नाही, उतरताना सावकाश. त्यांनी सहज म्हटलं असेल. मी घरी येईपर्यंत मनात म्हसपाठ चढूनही आले होते. सपाट खडक, खालून येणारा वारा, आणि तिथून खाली चमकणारं ते तळं. मग शेंगांचा ठेला आला आणि वही निघाली.

इथवर काल लिहिलं होतं. आज सकाळी मी वहीत 'नेलकटर' लिहिलं. पहाडीवर नेलकटर कशाला, हे मलाच सांगता येईना. वही मिटली आणि फोन लावला.

कौसाबाईंनी दोन रिंगमध्ये उचलला. मागं कुकरची शिट्टी होत होती. मी नमस्कार-चमत्कार न करता बोलून टाकलं. म्हटलं, त्या दिवशी पहाडीवर मी घंटेचं जे बोलले ते फार वाईट बोलले, आणि पाण्याचं तुम्ही मला आधी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही, आणि हे सांगायला मला तीन वर्षं लागली. पलीकडं त्यांनी गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"लागलं होतं मॅडम," त्या म्हणाल्या. "खोटं काहून बोलू. घरी येऊन कोणाले सांगतलं नाही. सांगू काय, लेकाले? त्याची माय काय करत होती थे त्याले मालूम आहे."

मला अजून काही म्हणता आलं असतं, पण माझं म्हणणं झालं होतं.

"पण एक सांगतो," त्या म्हणाल्या. "घंटा मी बरोबर वाजवली. पावसात, तापात, लेकीचं लग्न होतं त्याच्या दुसऱ्या दिवशीबी. पाच मिनिटं इकडची तिकडं झाली नाही. तुमचाच तास नेहमी पुढे जाये. पोरं डबा खायाची थांबत."

"हो," मी म्हटलं. "जायचा."

"मी दाराशी उभी राहो. म्हणो, शिकवून राहिल्या, शिकवू द्या."

हे मला माहीत नव्हतं. तास संपल्यावर दाराबाहेर कोणी उभं असायचं, हे अठ्ठावीस वर्षांत एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांनीही मला रडू दिलं, समजूत घातली नाही. मग विचारलं, गुडघे कसे आहेत. मी सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं, आणि पुढचं वाक्य कसं सुरू करावं ते सुचेना म्हणून थांबले.

"मंग इतवारच्या दिवशी या," कौसाबाई म्हणाल्या. "लेकाले सुट्टी आहे, घर तो पाहीन. सातच्या एसटीनं निघू. डबा आणू नका, भावजय भाकरी करन. आन् मॅडम, या बारीनं पुढे मी चालन."

"चाला," मी म्हटलं.